मी सही का केली नाही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा दिवाळीनंतर करायचा आहे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सापडतील. खुशाल काढा, जन्मभर मी दुसऱ्यांच्या काढल्या :-)

खरं तर आज माळेगावच्या यात्रेच्या आठवणी लिहायच्या होत्या, पण मध्येच हे प्रकरण उपटलं. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठ दिवस माझा उद्धार चालू आहे. तिथे दोन ओळींच्या वर कोणी वाचत नाही आणि मला दोन ओळींत बोलता येत नाही. म्हणून इथे लिहिते. आमच्या घरातली, माहेरची, सासरची बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यातल्या काहींचे कंधारात प्लॉट आहेत. त्यांनी तर जरूर वाचावं.

तर झालं असं. मागच्या रविवारी सकाळी माझा पुतण्या आला. चहा घेतला, डोळ्याची चौकशी केली, आणि मग फाईल काढली.

"काकू, इथं एक सही करा बरं."

"कशाची रे?"

"आपल्या ओपन स्पेसवर बहुउद्देशीय सभागृह आणायलोत. चाळीस सह्या झाल्या. तुमची राहिली म्हणून सगळे विचारायलेत."

मी म्हटलं वाचून करते. तो म्हणाला, वाचायला काय आहे त्यात, चांगलंच काम आहे की! पण सवय ती सवय. चष्मा लावला, वाचलं. पानभर अर्जात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्या सोडून दिल्या. पाचवी चूक मात्र शुद्धलेखनाची नव्हती. "सदर जागा अनेक वर्षांपासून विनावापर पडून असून..." असं एक वाक्य होतं. मी तांबड्या पेननं त्याच्याखाली रेघ ओढली आणि फाईल परत दिली. पुतण्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, कारण पोरगं गुणी आहे. यांच्या माघारी माझ्या औषधपाण्याचं तोच बघतो. पण खोट्याखाली सही कशी करू?

विनावापर! अरे, कोणी सांगितलं तुम्हाला?

ज्यांना आमची कॉलनी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. १९८४ साली आम्ही काही शिक्षक आणि इतर नोकरदार मंडळींनी मिळून सोसायटी केली. गावाबाहेरचं साडेपाच एकर रान होतं, काळी माती, पावसाळ्यात चप्पल रुतून बसायची. चाळीस बाय साठचे चौसष्ट प्लॉट पाडले. आमचे हे सोसायटीचं हिशोबाचं काम बघायचे, म्हणून लेआऊटच्या नकाशाची एक प्रत आमच्या घरी राहिली. परवा ट्रंकेतून ती काढली. घड्यांवर फाटली आहे, पण हिरव्या पेन्सिलीनं रंगवलेला चौकोन अजून स्पष्ट दिसतो. एकूण क्षेत्राच्या दहा टक्के, म्हणजे बावीस गुंठे. त्यावर लिहिलं आहे, 'खुली जागा'.

ही काही कोणी उदार होऊन सोडलेली जागा नाही. रान मोडून प्लॉट पाडायचे तर रस्ते सोडावे लागतात तशी मोकळी जागाही सोडावी लागते, तेव्हाच मंजुरी मिळते. २०२० च्या डिसेंबरात राज्यानं बहुतेक शहरांसाठी जी एकत्रित नियमावली आणली, तिच्यातही ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआऊट असेल तर दहा टक्के जागा मोकळी ठेवा असंच आहे. आणि त्या जागेचे पैसे आम्ही मोजलेत बरं का! प्लॉटचा भाव काढताना रस्ते आणि ओपन स्पेसची जमीन चौसष्ट जणांवर वाटूनच भाव निघाला. माझ्या प्लॉटच्या किमतीत त्या मैदानाचा चौसष्टावा हिस्सा आहे. फरक इतकाच की त्यावर मला भिंत घालता येत नाही. आणि दुसऱ्यालाही येत नाही.

त्या बावीस गुंठ्यांत काय काय झालं ते नव्या लोकांना माहीत नाही. एक कडुनिंब होता (अजून आहे), दोन बाभळी होत्या. उन्हाळ्यात बायका पाच वाजताच खाटा घेऊन यायच्या आणि कुरडया, पापड घालायच्या. कावळे हाकलायला पोरांची नेमणूक. माझ्या शाळेतल्या खो-खोच्या मुली सुटीत तिथे सराव करायच्या. खो-खोचं मैदान सत्तावीस मीटर बाय सोळा मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठ्यांत बसतं. चुना मारून आखायचो. आमच्या शाळेला स्वतःचं मैदान होतं, पण सुटीत फाटकाला कुलूप. कुलपाची ही गोष्ट पुढेही येणार आहे.

आणि १९९३ विसरलात का? ३० सप्टेंबर. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. आमच्याकडे मांडणीवरची भांडी खणखणली, दारांच्या कड्या वाजल्या. आम्ही पोरांना उचलून बाहेर पळालो. गल्लीत उभं राहावं तर दोन्हीकडे भिंती! कोणी न सांगता सगळी कॉलनी त्या मैदानात जमली. नंतर रोज नव्या अफवा. आज रात्री येणार, उद्या येणार. कितीतरी रात्री आम्ही तिथेच झोपलो. सतरंज्या, कंदील, मधेच पावसाची भुरभुर, म्हाताऱ्यांचा खोकला, ट्रान्झिस्टरवर बातम्या. ज्यांच्याशी कधी बोलणं नव्हतं त्यांच्या शेजारी अंथरुणं पडली. आमच्या समोरच्या मुस्लिम कुटुंबातली आजी माझ्या धाकट्याला मांडीवर घेऊन बसायची. तो आता नाशिकला आहे, त्याला विचारा, त्याला ती आजी अजून आठवते.

तेव्हा त्या जागेवर सभागृह असतं, तर कोणी झोपलं असतं त्याच्या छताखाली?

ते भूकंपाचं जाऊ द्या, तीस वर्षांपूर्वीचं झालं, म्हणाल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाजीच्या गाड्या कुठे उभ्या राहिल्या? चुन्याचे गोल आखून लोक कुठे उभे राहिले? आणि दर संध्याकाळी पाच ते सात तिथे जी धूळ उडते ती काय भुतं उडवतात? पण वापराची नोंद कुठे असते? पावती फाडली जात नाही, रजिस्टर नाही, भाडं नाही. ज्याचं भाडं येत नाही ते विनावापर!

आता माझं पाप सांगते. सांगायला हवंच, कारण ग्रुपवर एकानं टोमणा मारला आहे की "पहिला हॉल कोणी मागितला होता ते बाईंनी आठवावं." आठवतंय बाबा. मीच मागितला होता.

१९९९-२००० ची गोष्ट. आमचं महिला मंडळ जोरात होतं. पुरुषांना बसायला पार, हॉटेल, पानाची टपरी, सोसायटीची मिटिंग. बायकांनी कुठे बसायचं? मैदानात बसलो की येणारे-जाणारे बघतात. पावसाळ्यात तर प्रश्नच. म्हणून मी माझ्या हातानं, माझ्या वळणदार अक्षरात (तेव्हा होतं) अर्ज लिहिला, की महिलांसाठी एक सभामंडप मिळावा. भजन, हळदीकुंकू, शिवणवर्ग, वाचनालय असे चार उपयोग लिहिले. 'वाचनालय' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. अर्ज मंजूर झाला. तीस बाय पन्नासचा हॉल उभा राहिला, त्याभोवती तारेचं कंपाउंड, फाटक. एकूण पाच गुंठे गेले. आम्हाला वाटलं, सतरा उरलेत की!

उद्घाटन दणक्यात झालं. कोनशिला बसली. दोन वर्षं भजन झालं, एक उन्हाळा शिवणवर्ग झाला. वाचनालयासाठी मी घरची ऐंशी पुस्तकं दिली. ती आज कुठे आहेत कोणी सांगेल तर बरं होईल. मग एकदा पंखा चोरीला गेला म्हणून कुलूप लागलं. किल्ली एकाकडे, तो बदलून गेला, मग दुसऱ्याकडे. मग कोणाच्या तरी लग्नाच्या गाद्या ठेवल्या, त्या तिथेच राहिल्या. सिमेंटच्या गोण्या आल्या. पुढच्या ओट्यावर पुरुषमंडळी पत्ते खेळायला बसू लागली आणि बायकांनी तिकडे जाणंच सोडलं. ज्या बायकांसाठी मी अर्ज लिहिला, त्यांना मी जी होती ती जागाही घालवून बसले.

हे गेले तेव्हा जुलै महिना होता. सकाळपासून झड लागलेली. लोक जमायला लागले, घरात जागा नाही. कोणीतरी म्हणालं हॉल उघडा. किल्ली सापडली नाही. दीड तास शोधाशोध. शेवटी कडुनिंबाला ताडपत्री बांधली, त्याखाली शे-दीडशे माणसं उभी राहिली, माझे विद्यार्थी, यांच्या ऑफिसातले, गावातले. मला तेव्हा काही सुचत नव्हतं, पण ती ताडपत्री आणि शेजारी कुलूप लावलेला तो कोरडा हॉल, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. पुतण्या स्वतः झाडावर चढून दोरी बांधत होता. त्यानं तरी विसरू नये.

बरं, बावीसपैकी आता किती उरलेत? पाच हॉलचे. तीन गुंठे पाण्याच्या टाकीला गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पाणी लागतंच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आपण काही त्या लोकांपेक्षा फार वेगळ्या मुलखात राहत नाही. पण दोन गुंठे गेले ते भिंती सरकून. कडेच्या घरांच्या भिंती रात्रीतून दोन-दोन फूट चालतात हा चमत्कार आळंदीनंतर आमच्याच कॉलनीत :-) उरले बारा. नवं सभागृह, त्याचं पार्किंग, त्याचं कंपाउंड... मग उरेल काय? कडुनिंबाचा पार तेवढा, आणि तोही "अडचण होते" म्हणून तोडतीलच.

आता तुम्ही विचाराल, लोकांना हॉलच का पाहिजे असतो? मी यावर बराच विचार केला. एक तर मोकळ्या जागेवर कोनशिला बसवता येत नाही. उद्घाटन कशाचं करणार, हवेचं? खासदार निधी १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाला, तसा आमदारांचाही असतो. योजना वाईट नाही. पण जो देतो त्याला दिसणारं काम हवं असतं आणि आपण मागतोही दिसणारंच. झाडांना तीन वर्षं पाणी घालणं हे काम दिसत नाही. खासदार निधी पूजास्थानांवर खर्च करता येत नाही असं त्या योजनेच्या नियमातच आहे. म्हणून मग शब्द निघतात, सभामंडप, सांस्कृतिक भवन, बहुउद्देशीय सभागृह. भाषेची शिक्षिका म्हणून मला 'बहुउद्देशीय' या शब्दाची फार मौज वाटते. ज्याचा एकही उद्देश ठरलेला नसतो त्याला बहुउद्देशीय म्हणायचं.

ग्रुपवर लिहिलंय की बाईंचा देवाच्या कामाला विरोध आहे. अरे, माझ्या सासूबाईंबरोबर मी वर्षानुवर्षं माळेगावला गेले आहे. ज्यांनी माळेगावची यात्रा पाहिली आहे त्यांना विचारते, खंडोबाचं देऊळ केवढं आणि माळ केवढा? घोड्यांचा बाजार, गाढवांचा बाजार, वैदू, जोशी, फडाचे तंबू, घोंगड्यांची दुकानं, सगळं मावतं ते माळ आहे म्हणून. उद्या कोणी त्या माळावर पन्नास सभामंडप बांधले, तर देव तिथेच राहील, पण यात्रा कुठे भरेल? आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. हाजी सय्याहच्या दर्ग्याचं आवार घ्या. कोणीही यावं, सावलीला बसावं. राष्ट्रकूटांच्या वेळचं आपलं जगत्तुंग सागर घ्या, त्याचं नाव तिसऱ्या कृष्णाच्या काळच्या शिलालेखात आहे. हजार वर्षांपूर्वी राजानं गावाला दिलं ते तळं दिलं. तळ्याला दार नसतं.

माझे वडील सांगायचे, निजामाच्या राज्यात १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' मुळे साधी सभा घ्यायची तरी आधी परवानगी काढावी लागे. आखाडा, शाळा काढायची तरी सरकारची नजर. चार माणसं एके ठिकाणी बसणं हीच संशयाची गोष्ट. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते सुटलं. आपण दर वर्षी झेंडा लावतो, भाषणं करतो. आणि आता निजामही नको, पोलिसही नको, आपल्या बसायच्या जागेला आपणच कुलूप लावतो आणि किल्ली हरवतो.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली, तिच्यात शहरांच्या कामांचे अठरा विषय आहेत. त्यात उद्यानं, बागा, क्रीडांगणं आहेत, रस्त्यावरचे दिवे आहेत, बसथांबे आणि लोकांसाठीच्या सोयी आहेत. सांस्कृतिक हाही शब्द आहे, पुतण्या तोच दाखवेल. दाखवू दे. कुलूपबंद गाद्यांत संस्कृती कुठे आहे ते मीही विचारीन. आणि बंगलोरचं एक प्रकरण आहे. तिथे बागेसाठी राखलेली जागा खाजगी दवाखान्याला दिली, तेव्हा तिथले रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं. दवाखाना म्हणजे काही वाईट गोष्ट नव्हे. तरीही कोर्ट म्हणालं, बागेची जागा बागेचीच. मला कोर्टात जायचं नाही, या वयात मी पंचायत समितीच्या पायऱ्या चढू शकत नाही. पण कायदा कोणत्या बाजूला आहे ते माहीत असावं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्या कॉलनीच्या मागे गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोठी वस्ती झाली. गुंठेवारी. रानमालकानं गुंठा-गुंठा, अर्धा-अर्धा गुंठा विकला. नऊ फुटी बोळ, ओपन स्पेस शून्य. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांना तो लागू झाला. कागदावर घर नियमित होईल, पण मैदान कुठून आणणार? पैसे भरून मैदान उगवत नाही. गवंडी, हमाल, शिंपी, ड्रायव्हर, शेतमजूर लोक राहतात तिथे. त्यातल्या निम्म्या घरांत माझे विद्यार्थी किंवा त्यांची मुलं आहेत. ती पोरं खेळायला आमच्या मैदानावर येतात. कॉलनीतल्या मुलांपेक्षा तीच जास्त असतात, कारण कॉलनीतली मुलं ट्यूशनला असतात किंवा पुण्याला.

अर्जात विनावापर लिहिलंय ना? त्याचा अर्थ मला परवा एका शेजाऱ्यानं चहा पिता पिता सांगितला. "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. एकदा हॉल आणि कंपाउंड झालं की ही बाहेरची पोरं येणं बंद होईल. शिव्या देतात, काचा फोडतात." म्हणजे वापर आहे. भरपूर वापर आहे. तो ज्यांचा आहे त्यांना तुम्ही मोजत नाही, इतकंच!

काचा फुटतात हे खरं आहे. माझी स्वतःची स्वयंपाकघराची काच दोनदा फुटली आहे. एकदा मी त्या पोराला बोलावलं, आडनाव विचारलं, तर निघाला माझ्या खो-खोच्या कॅप्टनचा मुलगा. ती दुसऱ्या दिवशी काचेचे पैसे घेऊन आली. मी घेतले नाहीत, पण पोराकडून आठ दिवस बावीसपर्यंतचे पाढे म्हणवून घेतले. शिव्यांचं म्हणाल तर आमच्या हॉलच्या ओट्यावर पत्ते खेळणाऱ्या पेन्शनरांच्या तोंडून ज्या ऐकल्या आहेत, त्या या पोरांना अजून येत नाहीत.

समोरच्यांचंही सगळंच चूक आहे असं नाही. दोन मुद्दे मला मान्य आहेत. मोकळी जागा नुसती सोडून दिली तर उकिरडा होतो, भिंती सरकतात, हे मी वर सांगितलंच. माझी एक मावसबहीण औसा तालुक्यात भूकंपानंतर वसवलेल्या गावात राहते. अशी बावन्न गावं नव्या जागी वसवली. मी २००० च्या सुमारास तिच्याकडे राहिले होते. रुंद रस्ते, लांब लांब घरं, मोकळी जागा हवी तेवढी. पण ती म्हणाली, "ताई, जुन्या गावात दारात बसलं की चार जणी दिसायच्या. इथं ओरडलं तरी शेजारणीला ऐकू जात न्हाई." जागा होती पण सावली नव्हती, बसायला पार नव्हता. तेव्हा नुसतं 'मोकळी ठेवा' म्हणून भागत नाही हे मला कळतं.

दुसरा मुद्दा कार्याचा. मंगल कार्यालयांचे भाव आता सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिलेले नाहीत. बारसं, डोहाळजेवण, तेरवी, साखरपुडा करायला स्वस्त जागा हवी, हे अगदी खरं. एका विधवा बाईनं मला हेच विचारलं, "बाई, तुमच्या पोरांची लग्नं झाली, माझ्या पोरीचं व्हायचंय." मला पटकन उत्तर देता आलं नाही. पण मग घरी येऊन वाटलं, तिला म्हणायला हवं होतं की अगं, हॉल आहे की! तीस बाय पन्नासचा. गाद्या आणि गोण्या काढल्या, पंखे लावले, एक संडास बांधला (पंचवीस वर्षांत त्या हॉलला संडास नाही, आणि तो महिलांसाठी!), तर तिच्या पोरीचा साखरपुडा तिथे होईल. आधीचा उघडून दाखवा, वर्षभर चालवून दाखवा, मग दुसऱ्याची गोष्ट काढा.

माझं मागणं फार थोडं आहे. त्या बारा गुंठ्यांत कडेनं झाडं लावा. कडुनिंबाला पार बांधा. पाठ टेकायला येईल असे चार बाक ठेवा, कारण माझे गुडघे आता सतरंजीवर बसू देत नाहीत. सध्या आम्ही म्हाताऱ्या बायका फिरायला लोह्याच्या रोडला जातो आणि टिप्पर अंगावरून जातात. एक दिवा, एक नळ. मधली जागा तशीच राहू द्या, चुना मी आणते. आणि हॉलमधल्या एका खोलीएवढ्या जागेत दोन वर्तमानपत्रं आणि माझी ऐंशी पुस्तकं, सापडली तर.

पैसे कुठून, असं विचारतील. सभागृहाच्या रंगाला जेवढे लागतील तेवढ्यात हे होतं. पेन्शनमधून पहिले अकरा हजार माझे. हे मी ग्रुपवर लिहिलं तर कोणीच काही बोललं नाही, फक्त एकीनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ होकार की नमस्कार ते कळलं नाही.

पुतण्या परवा परत येऊन गेला. फाईल नव्हती हातात. म्हणाला, "काकू, तुमच्यामुळं आणखी सहा जणांनी सह्या काढून घेतल्या. मला लोक नावं ठेवायलेत." मी म्हटलं, मलाही ठेवतात, बस, जेवून जा. जेवला. जाताना नकाशा बघायला मागितला, बराच वेळ बघत होता. "इथं आपल्या भिंतीची लाईन कुठं आहे?" असं विचारलं. मी दाखवली. आमची भिंत जिथल्या तिथे आहे, पण त्याच्या घराची दीड फूट पुढे आहे. दोघंही काही बोललो नाही.

बैठक येत्या रविवारी सकाळी नऊला हॉलमध्ये आहे. नकाशा मी लॅमिनेट करून आणला आहे. पुणे, नांदेड, नाशिकच्या ज्या मंडळींचे इथे प्लॉट आहेत त्यांना अर्जाचा फोटो आला असेलच. सही करून पाठवण्याआधी ती 'विनावापर'ची ओळ वाचा आणि मला फोन करा. दुपारी दोन ते चार करू नका, डोळ्यात औषध घालून पडलेली असते.

हॉलची किल्ली सध्या कोणाकडे आहे हे मी ग्रुपवर तीनदा विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.